झटपट पैशाच्या नादाला लागण्याआधी

थांब की बे जरा. माल परत करून, कार्ड घासून, खातं भाड्यानं देऊन झटपट पैसे काढायचे फंडे तू विचारलेस; ते मी नवी पेठेत दुकानावर बसल्यापासून बघतोय. माल मागवायचा, वापरायचा, आणि ‘खराब निघाला’ म्हणून पैसे परत उचलायचे. माझ्याकडून नवी चादर गेली, परत आलेल्या खोक्यात निघाली विटकी लुंगी! वजन जुळावं म्हणून खाली ओला टॉवेल. पार्सल कॅमेऱ्यासमोर फोडायची सवय होती म्हणून वाचलो. लोक याला डोकं म्हणतात. कायदा फसवणूक म्हणतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 318, शिक्षा 7 वर्षांपर्यंत जाऊ शकते.

सध्या एवढंच सांभाळ:

- खरेदी न करता कार्ड घासून रोख घेऊ नकोस. दुकानदार कमिशन कापतो, बिल खोटं बनतं, बँकेला कळलं की कार्ड बंद.
- आपलं बँक खातं कमिशनवर कुणाला वापरायला देऊ नकोस. नवी पोरं सगळ्यात जास्त इथंच अडकतात. पैसा चोरीचा निघाला की खातं गोठतं, आणि पोलीस आधी तुझ्या दारात येतात. खातं मागणारा तो ‘भाऊ’ तोवर फोन बंद करून गायब.
- ‘आधी भरा, ऑर्डर पूर्ण करा, दुप्पट घ्या’ म्हणणाऱ्याला एक रुपया नको. भरलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन लाव, चॅट पुसू नकोस.

सेल, कूपन, कॅशबॅक खुशाल वापर, फक्त अटी वाच. खरंच कमवायचं असेल तर आधी दहा टॉवेल घेऊन विकून दाखव. रविवारी दुकानावर ये, पॅकिंग शिकवतो.