वायर खरी तांब्याची आणि पुऱ्या मापाची आहे का?

मालवणच्या घराचे वायरिंग तुम्ही स्वतः शिकून करणार आहात, म्हणून आग्रहाने सांगतो की कॉइलवरचा छापील आकडा पुरावा मानू नये. आयएसआय चिन्हासोबतचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासावा.

त्यानंतर टोक सोलून एक तार सुरीने खरवडावी. वरून तांबूस आणि आतून रुपेरी दिसली, तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम समजावे. उलट वरून रुपेरी आणि आतून तांबूस असेल, तर ते कल्हई केलेले तांबे असते आणि ते नाकारण्याचे कारण नाही. आपल्या किनाऱ्यावर ही पारख अधिकच महत्त्वाची, कारण खाऱ्या दमट हवेत पितळी टर्मिनलखाली ॲल्युमिनियम लवकर गंजते, जोडाचा रोध (विजेला होणारा अडथळा) वाढतो आणि स्विच तापू लागतो.

जाडीचा अंदाज आवरणावरून कधीही बांधू नये. जाड पीव्हीसीखाली कमी धातू सहज लपतो. एका तारेचा व्यास मायक्रोमीटरने मोजून त्याच्या वर्गाला 0.785 ने आणि तारांच्या संख्येने गुणावे, म्हणजे धातूच्या छेदाचे क्षेत्रफळ मिळते. 0.3 मिमीच्या 22 तारा असतील, तर सुमारे 1.55 चौरस मिमी येते.

माझा सर्वाधिक भरवसा मात्र रोधावर आहे. 1.5 चौरस मिमी तांब्याच्या 90 मीटर कॉइलचा रोध सुमारे 1.1 ते 1.2 ओहम भरतो. कॉइलच्या दोन्ही टोकांना मल्टिमीटर लावून आलेल्या वाचनातून, त्याच्या पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा आधी वजा करावा. तरीही दीड ओहमच्या वर वाचन आले, तर ती कॉइल दुकानात परत करावी.