'गेम सेव्हन'च्या आदल्या दिवशी एडमंटनमध्ये काय चालतं

प्रश्न असा आहे: "आइस हॉकीच्या अजिंक्यपदाचा शेवटचा, निर्णायक सामना असला की कॅनडातले लोक म्हणे कामधंदे सोडून बसतात. तिथे राहणाऱ्या कुणी हे अनुभवलंय का? सामन्याआधी नेमकं कसं वातावरण असतं?"

अनुभवलंय, आणि तेही दोनदा. दोन्ही वेळा हरलो. त्यामुळे जिंकल्यावर कसं वाटतं ते मला विचारू नका. आदल्या दिवसाबद्दल विचारताय ना, मग बरोबर माणूस गाठलात.

मी मूळचा पुण्याजवळच्या खडकीचा. धनराज पिल्लेचं खडकी ते. आमच्याकडे पोरं चालायला लागली की हातात काठी यायची, मग ती हॉकी स्टिक असो नाहीतर बाभळीची फांदी. २००६ च्या जानेवारीत नोकरीसाठी एडमंटनला आलो आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे नुसतं 'हॉकी' म्हटलं की बर्फावरचीच. आपल्या हॉकीच्या मागे 'फील्ड' लावावं लागतं. हे मला तेव्हाही खटकलं होतं, आजही खटकतं. असो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या संघांची बर्फावरच्या हॉकीची लीग, तिचं अजिंक्यपद म्हणजे स्टॅनली कप. एप्रिलमध्ये प्लेऑफ सुरू होतात, चार फेऱ्या, प्रत्येक फेरी सात सामन्यांची, जो चार जिंकेल तो पुढे. अंतिम फेरी जूनमध्ये. दोन्ही संघांचे तीन-तीन विजय झाले की उरतो तो सातवा सामना, 'गेम सेव्हन'. दोन महिने रक्त आटवून सगळा हिशोब पुन्हा शून्यावर. इथल्या लहान पोरांना गल्लीत खेळताना बघा, कुणीही 'गेम थ्री' खेळत नाही. सगळे गेम सेव्हनच खेळतात.

आमचा संघ एडमंटन ऑइलर्स. १९८४ ते १९९० या सात वर्षांत पाच कप. वेन ग्रेट्स्की इथलाच, म्हणजे १९८८ च्या ऑगस्टपर्यंत इथला. मग त्याला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं. त्या दिवसाबद्दल इथले पन्नाशीपुढचे लोक अजून घरातलं कुणी गेल्यासारखं बोलतात. १९९० नंतर कप नाही. आणि अख्ख्या कॅनडातही १९९३ च्या मॉन्ट्रियलनंतर कुठल्याच संघाला मिळालेला नाही. व्हँकुव्हर १९९४ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये, कॅल्गरी २००४ मध्ये, आम्ही २००६ मध्ये, सगळे गेम सेव्हनमध्येच हरले. तेव्हा इथे हा शब्द उच्चारला की आनंदाआधी पोटात गोळा येतो.

२००६ च्या वेळी मी अगदीच नवखा होतो. ऑफसाइड कळत नव्हता, पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) दिसत नव्हता. ऑइलर्स आठव्या क्रमांकावरून कसेबसे प्लेऑफमध्ये आलेले आणि थेट अंतिम फेरीत पोचलेले. राष्ट्रगीत गायचे ते पॉल लॉरियू. त्या प्लेऑफमध्ये त्यांनी मधेच गाणं थांबवून माइक प्रेक्षकांकडे धरला आणि सतरा हजारांच्या आसपास लोकांनी पुढचं गीत गायलं. टीव्हीवर बघताना माझ्या अंगावर काटा आला. मला तर त्या गीताचे शब्दही तेव्हा धड येत नव्हते.

कॅरोलायनाविरुद्ध १-३ असे मागे होतो, ते ३-३ झाले. सातवा सामना १९ जूनला, सोमवारी, त्यांच्या गावी. एका सहकाऱ्याच्या तळघरात आम्ही दहा-बारा जण. दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी गोल केला आणि कुणीतरी हळूच म्हणालं, "अजून खूप वेळ आहे." ३-१ असे हरलो. त्यांच्या कप्तानाच्या हातात कप जाण्याआधीच यजमानाने टीव्ही बंद केला. पाहुणे बूट घालून एकेक करून निघून गेले, कुणी कुणाला 'गुड नाइट' म्हटलं नाही. ती शांतता माझ्या ओळखीची होती. सिडनी ऑलिंपिकला पोलंडने शेवटच्या दीडेक मिनिटात बरोबरी केली आणि आपली उपांत्य फेरी हुकली, त्या दिवशी आमच्या चाळीत अशीच झाली होती. त्या रात्री मी एडमंटनकर झालो असं बायको म्हणते. तिच्या मते ती काही चांगली बातमी नव्हती.

आता २०२४. फ्लोरिडा पँथर्सविरुद्ध पहिले तिन्ही सामने हरलो. संपलं, असं धरून लोकांनी सुट्टीची तिकिटं काढायला घेतली. अंतिम फेरीत ०-३ वरून कप जिंकणारा संघ तोवर एकच, १९४२ चा टोरंटो. १९४५ मध्ये डेट्रॉइटनेही ३-३ पर्यंत आणलं होतं, पण सातवा हरले. आणि आमच्या लोकांनी चौथा ८-१, पाचवा ५-३, सहावा ५-१ असा मारला. सहावा शुक्रवारी रात्री इथेच झाला. सातवा सोमवारी, २४ जूनला, फ्लोरिडात, इथून चार हजारांहून जास्त किलोमीटर लांब. मधले शनिवार-रविवार म्हणजे तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर.

शहर वरवर बघाल तर जत्रा. गाड्यांच्या खिडक्यांना निळे-नारिंगी झेंडे, सिटी बसच्या पाटीवर मार्गाच्या नंबरासोबत 'गो ऑइलर्स गो', बँकेतल्या काउंटरवरच्या बाईसुद्धा जर्सीत. सामना परगावी, तरी इथल्या रॉजर्स प्लेस स्टेडियमची तिकिटं लोक घेतात, आत बसून मोठ्या पडद्यावर बघायला. खाली मोकळं मैदान, वर टीव्ही, आणि हजारो लोक! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वेडेपणा वाटला होता. आता माझी मुलगी जाते.

पण थोडं जवळ जाऊन ऐका. 'उद्या काय होईल' हे कुणी बोलतच नाही. 'कप' हा शब्द तर तोंडातूनही काढत नाहीत. आपल्याकडे कसं, पोरीचं लग्न ठरेपर्यंत बाहेर बोलायचं नाही, तसं. ऑफिसात एका नव्या पोराने शुक्रवारीच विजयाच्या मिरवणुकीचा विषय काढला, तर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प कॉफी आणायला उठला. मग बोलतात काय? मागचं. फक्त मागचं. सगळं शहर शनिवार-रविवार आठवणी उगाळत बसलेलं असतं.

आमच्या शेजारी एक आजोबा आहेत, ऐंशीच्या घरातले, घराणं युक्रेनहून आलेलं. माझी मुलगी त्यांना 'गीदो' म्हणते, त्यांच्यात आजोबांना इथे तसंच म्हणतात. रविवारी संध्याकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी कुंपणापाशी गेलो आणि दीड तास तिथेच उभा राहिलो. त्यांनी स्टीव्ह स्मिथची गोष्ट काढली. मी ती आधी निदान सहा वेळा ऐकली असेल.

१९८६. लागोपाठ दोन कप जिंकलेला संघ, समोर कॅल्गरी, म्हणजे आमचे सख्खे वैरी. ती अंतिम फेरी नव्हती, पण सामना सातवा. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पीरियडमध्ये २-२. स्मिथ नवखा बचावपटू, त्या दिवशी त्याचा तेविसावा वाढदिवस. आपल्याच गोलच्या मागून त्याने पक पुढे पास केला आणि तो आपल्याच गोलकीपरच्या पायाला लागून आत गेला. गीदो हे सांगताना उजव्या हाताचा पंजा आपल्या पोटरीवर आपटतात, दर वेळी त्याच जागी. ३-२, ऑइलर्स बाहेर. स्मिथ बर्फावर तोंड लपवून पडून होता.

"आणि पुढच्या वर्षी?" मी विचारलं. माहीत असूनही विचारायचं असतं.

पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाविरुद्ध अंतिम फेरी, पुन्हा सातवा सामना, ३१ मे १९८७. पहिला गोल त्यांचा, मग आमचे तीन. गीदो त्या दिवशी स्टेडियमात होते. कप्तान ग्रेट्स्कीने कप उचलला आणि सगळ्यात आधी दिला तो स्टीव्ह स्मिथला. इथे गीदो थांबतात, चष्मा काढतात, पुसतात. मीही मग बागेकडे बघतो.

ते त्या दिवशी आणखी एक बोलले, जे आधी कधी बोलले नव्हते. त्या १९८७ च्या मालिकेत प्लेऑफच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान हरलेल्या संघाच्या गोलकीपरला, रॉन हेक्स्टॉलला मिळाला होता. "पोरगा पहिल्याच वर्षात होता. त्याला ते बक्षीस घेताना बघून वाटलं, याच्यापेक्षा दिलं नसतं तर बरं." हे वाक्य चोवीस तासांनी मला आठवणार होतं.

आता मेथी. हसू नका.

चौथ्या सामन्याच्या शनिवारी माझा धीर सुटला होता. टीव्हीसमोर बसवत नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडायला बसलो, कान तेवढा बाहेर. जुडी संपेपर्यंत ८-१. मंगळवारी मुलीने न सांगता जुडी आणून समोर ठेवली. जिंकलो. शुक्रवारी पुन्हा. तोवर घरात मेथीची भाजी, मेथीचे ठेपले, मेथीची डाळ असं सगळं होऊन गेलेलं आणि बायकोने हात जोडलेले. पण मोडायचं कुणी? कोचने टाय बदलली नाही, खेळाडूंनी दाढ्या काढल्या नाहीत, आणि आपण मेथी सोडायची?

रविवारी सकाळी मिल वूड्समधल्या नेहमीच्या दुकानात गेलो तर मेथी नाही. पालक होता, चुका होता, शेपूसुद्धा होता. मुलीला फोन केला, "पालक चालेल का?" पलीकडून फक्त "बाबा!" एवढंच आलं. मग शहराच्या दुसऱ्या टोकाला चाळीस मिनिटं गाडी हाकली आणि एक मरगळलेली जुडी मिळाली, मुळांना चिखल तसाच. संध्याकाळी कुंपणापाशी हे सगळं गीदोंना सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "त्याच दुकानातून आणलीस ना?"

मी विषय बदलला.

सोमवारी ऑफिसात कामाचं सोंग होतं. आमच्या वेळेनुसार सामना सहाला, तीन वाजता पार्किंग रिकामं. साडेपाचला रस्त्यावर चिटपाखरू नाही. खडकीत १९९८ च्या डिसेंबरात, बँकॉकच्या आशियाई अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध पेनल्टी शूटआउट चालू असताना असाच शुकशुकाट होता. त्या वेळी आपण बत्तीस वर्षांनी सुवर्ण जिंकलो आणि दोन मिनिटांत रस्ता भरून गेला. ते चित्र मनात धरूनच मी मेथी घेऊन खाली बसलो.

सामन्याचं फार सांगत नाही. त्यांनी पहिला केला, दोनच मिनिटांनी यान्मार्कने बरोबरी केली, दुसऱ्या पीरियडच्या शेवटाकडे राइनहार्टने त्यांना पुढे नेलं. तिसऱ्या पीरियडमध्ये आम्ही नुसते धडका मारत राहिलो. शेवटी गोलकीपर काढून सहावा खेळाडू आत आणला. काही झालं नाही. २-१. प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून आमच्या कॉनर मॅकडेव्हिडचं नाव पुकारलं, गोल आणि गोलसाठीचे पास मिळून ४२ गुण केले होते त्याने. तो घ्यायला बाहेर आलाच नाही. माझ्या डोळ्यांपुढे चष्मा पुसणारे गीदो.

जूनमध्ये एडमंटनला सूर्य दहाला मावळतो. हरलो तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. काळोख असता तर निदान तोंड लपवून झोपता आलं असतं. अर्धी जुडी निवडायची राहिली होती, ती तशीच वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये टाकली. (२०२५ मध्ये पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा फ्लोरिडाच. तेव्हा सहाव्यातच उरकलं, त्यामुळे सातव्याच्या आधीचं ते वाट बघणं वाट्यालाच आलं नाही. खरं सांगतो, चुकल्यासारखं वाटलं.)

मंगळवारी सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो. गीदो टोमॅटोंना पाणी घालत होते. त्यांच्या गाडीवरचा झेंडा तसाच होता. मला बघून त्यांनी नळी बाजूला धरली, कुंपणापर्यंत चालत आले आणि म्हणाले, "दुसऱ्या दुकानातून आणली होतीस. हो ना?"