४ ओहमचं हेड, ८ चा बॉक्स आणि मित्राचा १५ इंची: दोन्ही एकदम जोडू का?

तुमच्या बेस गिटारच्या हेडवर (म्हणजे स्पीकर नसलेल्या नुसत्या अँपवर) '५०० वॅट, किमान ४ ओहम' लिहिलंय. तुमचा ४×१० (दहा इंची चार स्पीकरांचा) बॉक्स ८ ओहमचा आहे. मित्र १५ इंची देतोय, तो ४ ओहमचा, ३०० वॅटचा. कराडच्या कार्यक्रमाला दोन्ही एकदम लावायचेत, आणि 'कमी वॅटच्या अँपने स्पीकर उडतो' हे खरं का, तेही विचारलंय.

दोन्ही एकदम लावू नका. एकेक करून कुठलाही चालेल.

मी सांगलीत ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो आणि लग्नसराई संपली की गल्लीतल्या पोरांचे अँप उघडून बसतो. उघडलेल्यातले निम्मे याच एका चुकीने गेलेले असतात. बेस हेडच्या मागे दोन आऊटपुट दिसतात म्हणून माणसाला वाटतं, दोन वेगळ्या लाइनी आहेत. बहुतेक हेडमध्ये ती दोन्ही आतून पॅरलल, म्हणजे एकाच लाइनीला जोडलेली, असतात. बॉक्सच्या मागची दोन भोकंही तशीच. हेडमधून दोन वायरी काढा नाहीतर एका बॉक्समधून दुसऱ्यात न्या, हिशेब तोच. ८ आणि ४ चा गुणाकार ३२, बेरीज १२. ३२ भागिले १२ म्हणजे २.६७ ओहम. हेड म्हणतंय ४ च्या खाली नको.

ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा; तो कमी झाला म्हणजे करंटला वाट मोठी झाली. उसाच्या रानात मोटर चालू असताना डिलिव्हरीचं तोंड सताड उघडं सोडलं की ती जशी जास्त ओढ घेते आणि वाइंडिंग तापतं, तसंच.

आता दुसरी गंमत, जी फारसं कुणी सांगत नाही. हेड दोन्ही बॉक्सना सारखंच व्होल्टेज देतं, त्यामुळे ४ ओहमचा बॉक्स ८ वाल्याच्या दुप्पट वॅट खातो. ४ ओहमवर ५०० वॅट देणारं तुमचं हेड कागदावर त्या १५ इंचीला ५०० आणि तुमच्या ४×१० ला २५० देईल. एकूण मागणी ७५०, जी हेडकडे नाहीच. आणि दुप्पट वाटा नेमका ३०० वॅटच्या बॉक्सला. म्हणजे एका जोडणीत हेडही धोक्यात आणि मित्राचा स्पीकरही. त्या १५ इंचीवर एकटं वाजवतानासुद्धा व्हॉल्यूमवर हात ठेवा.

माझं स्वतःचं सांगतो. मिरजेत नवरात्राच्या एका कार्यक्रमात मी ८ ओहमचे तीन बॉक्स माळले होते. तीन आठांचेही २.६७ च होतात, पण तेव्हा हे गणित कुणाला येत होतं! चार गाणी झकास झाली. पाचव्याला हेडचं प्रोटेक्शन लागलं (म्हणजे स्वतःला वाचवायला त्याने आवाज बंद केला), थोड्या वेळाने सुटलं, परत लागलं. मी मागे टेबलफॅन लावून तसंच रेटलं. शेवटी आऊटपुटचे ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले. ते शॉर्ट झाले की आतल्या सप्लायचं डीसी सरळ बॉक्सवर जातं. एका स्पीकरची कॉइल जळाल्याचा वास पहिल्या रांगेपर्यंत गेला, आणि ढोलकीवाला अजून त्यावरून चिडवतो.

वॅटचं म्हणाल तर, नुसत्या कमी पॉवरने स्पीकर उडत नाही. तसं असतं तर आवाज कमी केल्यावर रोज उडाला असता. होतं असं की लहान अँप पुरत नाही म्हणून माणूस तो फाटेपर्यंत वाढवतो. फाटलेल्या सिग्नलमध्ये अँप लिहिलेल्यापेक्षा जास्त, अगदी दुपटीपर्यंत पॉवर देऊ शकतो. तरीही १०० वॅटच्या अँपने ५०० वॅटचा वूफर जाळणं अवघडच. गेला तर बॉक्समधला ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) आधी जातो. लेबलवरचा आरएमएस, म्हणजे सतत सोसण्याचा, आकडा धरा. पीक (क्षणभराचा) सोडून द्या आणि पीएमपीओ (जाहिरातीतला फुगवलेला) तर वाचूही नका.

आणि आरएमएस म्हणजे कॉइल किती उष्णता सोसते एवढंच. कोन (स्पीकरचा पडदा) पुढेमागे किती हलू शकतो ते त्यात येत नाही. चार तारांच्या बेसची खालची ई ४१ हर्ट्झ, पाच तारांची बी ३१ हर्ट्झ. एवढ्या खाली बेसचं बटण पूर्ण फिरवलं तर लिहिलेल्या वॅटच्या निम्म्यातही कोन हद्दीपलीकडे जातो. तेव्हा 'टक्' किंवा 'फट्' असा आवाज येतो. तो आला की त्याच क्षणी कमी करा. हाय-पास फिल्टर (अगदी खालचे सूर कापणारा) असेल तर तो ३५-४० हर्ट्झच्या आसपास लावा. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, स्पीकरला कळतो.

वायर. गिटारची शिल्डवाली वायर हेड आणि बॉक्समध्ये कधीच नको. आतली तार केसासारखी, ती तापते आणि शॉर्ट होते. दोन जाड तारांची स्पीकर वायर घ्या, शक्यतो स्पीकॉनची (फिरवून लॉक होणाऱ्या पिनची). हेड क्लास-डी (नव्या पद्धतीचं, हलकं) असेल तर स्पीकरची मायनस तार चॅसीला किंवा अर्थला लावू नका. अशा पुष्कळ हेडमध्ये प्लस-मायनस दोन्ही तारांवर सिग्नल असतो. आणि व्हॉल्व्हचं (काचेच्या नळ्यांचं) हेड कुणी दिलं, तर बॉक्स जोडल्याशिवाय ते वाजवायचंच नाही, ट्रान्सफॉर्मर जातो. तिथे ओहमचं बटणही बॉक्सशी जुळवावं लागतं.

मित्राचा बॉक्स कधी रिकॉइल केलाय (स्पीकरला नवी कॉइल बसवलीय) का विचारा. ८ च्या जागी ४ ची कॉइल बसवलेले बॉक्स मी पाहिलेत, मागचं लेबल मात्र जुनंच. बॉक्सला जोडलेलं सगळं काढून मीटर लावा: ८ वाला साधारण ६ दाखवतो, ४ वाला ३ ते ३.५. मीटर डीसीवर मोजतो म्हणून आकडा कमी येतो, घाबरू नका.

पुढेमागे दुसरा बॉक्स घ्यायचाच असेल तर ८ ओहमचाच घ्या. ८ आणि ८ मिळून बरोबर ४. जमलं तर आत्ता आहे तसाच ४×१०, कारण भोपळा वेगळा तर तंबोरा वेगळा बोलतो, हे तंबोऱ्यांच्या मिरजेच्या शेजाऱ्याने काय सांगायचं.

कराडला मात्र तुमचा ४×१० एकटाच न्या. ८ ओहमवर हेड २५०-३०० वॅट देईल, स्टेजवर स्वतःला ऐकायला ते भरपूर. हेडच्या मागे डीआय आऊट (मिक्सरला थेट सिग्नल द्यायची जागा) असेल, ती लाइन साउंडवाल्याच्या मिक्सरला द्या. मैदानातल्या लोकांपर्यंत बेस पोचवायला त्याचे बॉक्स आहेत.