मजुरीला येणाऱ्या आदिवासी बायकांना शिलाई मशीन दिली तर कायमचा रोजगार उभा राहील का?

तुम्ही लिहिलंय की सुरगाणा-पेठकडून नाशिकला मजुरीला येणाऱ्या दहा बायकांना तुम्ही मित्रमंडळी मिळून शिलाई मशीन देणार आहात. तुमची तळमळ खरी आहे, म्हणून स्पष्टच सांगते: नुसत्या मशीनने रोजगार उभा राहणार नाही. पहिल्याच आषाढात ती विकली जाईल, आणि त्यात त्या बाईचा काही दोष नसेल.

मी याच कुटुंबांसोबत काम करते. पावसाळ्यात गावी नागली-वरई लावायची आणि दिवाळीच्या सुमाराला दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत विरळणीला, पुढे काढणीला यायचं, असं त्यांचं वर्ष. घर सोडण्याआधीच अनेकांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, घेतलेली असते. ती फिटेपर्यंत हातात रोकड फारशी पडत नाही. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी, नवं पीक अजून शेतात, किराणा उधारीवर. त्यात लेकरू आजारी पडलं, तर घरात विकण्याजोगी वस्तू एकच: तुमची मशीन. शिवाय ताडपत्रीच्या झोपडीत ती ठेवायची कुठे, आणि टोळी दुसऱ्या बागेवर हलली की न्यायची कशी?

म्हणून आधी पोटाचं बघा. बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने २००२ पासून हाच मार्ग धरला: अतिगरीब कुटुंबाला शेळ्या किंवा गाय, सोबत काही महिने खाण्यापुरते पैसे, बचत, औषधपाणी, आणि दोनेक वर्षं नियमित घरी येणारा माणूस. भारतासह सहा देशांत ही पद्धत तपासली गेली. २०१५ साली निष्कर्ष आले. मदत थांबून वर्ष झालं तरी बहुतेक ठिकाणी कुटुंबांचं खाणं आणि कमाई सुधारलेलीच होती. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने २०१३ पासून इजिप्तमध्ये शहरांतल्या निर्वासितांसाठी हीच पद्धत वापरली. तिथे अर्थातच शेळ्यांऐवजी नोकरी आणि छोटे धंदे होते.

आपल्याकडे पहिली पायरी रेशन. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, आणि आधार जोडलेलं असेल तर त्यातलं थोडं नाशिकच्या दुकानातून उचलून उरलेलं गावी घेता येतं. बऱ्याच जणींना हे कुणी सांगितलेलंच नसतं. सुनेचं नाव कार्डावर नसणं हेही नेहमीचंच. ते आधी चढवून घ्या, त्याला पैसा लागत नाही, हेलपाटे लागतात.

मग त्यांनाच विचारा काय हवंय. बहुतेकजणी शेळ्या म्हणतील, कारण शेळ्या गावी सासूजवळ राहू शकतात. पण कोरड्या मुलखातली शेळी बाजारातून आणून सुरगाण्याच्या पावसात बांधू नका. खाली ओल राहिली की खुरं सडतात. गुडघाभर उंच बांबूचं मचाण हवं, फटींतून लेंड्या खाली पडतील असं, आणि पावसाआधी आंत्रविषाराची, म्हणजे शेळ्यांच्या आतड्याच्या जीवघेण्या आजाराची, लस टोचलेली हवी. गावात ‘उमेद’ या सरकारी ग्रामीण अभियानाची पशुसखी, म्हणजे जनावरांच्या देखभालीचं शिक्षण घेतलेली गावातलीच बाई, असेल तर तिला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

एवढं सगळं दहा घरांत तुमच्याच्याने होणार नाही. चार घरं घ्या, पण दोन वर्षं जात राहा. आणि पहिली बैठक गावात घ्या, वैशाखात, सगळे घरी असताना. नाशिकच्या मजूर नाक्यावर नको. तिथे मुकादम शेजारीच उभा असतो, आणि उचल किती बाकी आहे हे त्याच्यासमोर कुणी बोलत नाही.