वाचकांचे प्रश्न : आधी स्वयंपाकघर, मग उरलेली भाजी

प्रश्न : ठाण्यात कोलशेत परिसरातील आमच्या गृहसंकुलात दर रविवारी सकाळी शेतकरी आठवडी बाजार भरतो. दुपारी बाजार उठताना मेथी, पालक, कोथिंबीर यांच्या जुड्या आणि किरकोळ डागाची फळभाजी उरते. ती गोळा करून गरजूंना देण्याची काही रहिवाशांची इच्छा आहे. यात कायद्याची अडचण येईल का, आणि सुरुवात कोठून करावी? आवारातील आंबा व शेवग्याचेही असेच करता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सुरुवात भाजीपासून न करता स्वयंपाकघरापासून करावी. उरलेल्या मालात पालेभाजीच जास्त असते आणि उन्हाळ्यात ती संध्याकाळपर्यंतही धड राहत नाही. त्यामुळे जिथे त्याच दिवशी रात्रीचा स्वयंपाक होतो आणि मेथीच्या जुड्या निवडायला माणसे आहेत, असा निवारा, वसतिगृह किंवा अन्नछत्र आधी गाठून त्यांना काय आणि किती चालेल ते विचारून घ्यावे. न विचारता नेऊन टाकलेली भाजी बहुधा आपला कचरा दुसऱ्याच्या दारात ठेवण्यासारखीच ठरते.

कायद्याचे म्हणाल, तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 मधील व्याख्येनुसार शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातातील कच्चा शेतमाल ‘अन्ना’च्या कक्षेत येत नाही, तो इतरांच्या हाती गेला की येतो. शिलकी अन्न गोळा करून वाटणाऱ्या संस्थांसाठी 2019 चे स्वतंत्र विनियम असून त्यांना नोंदणी किंवा परवाना लागतो. म्हणून रहिवाशांनी स्वतः वाटपात न शिरता नोंदणी असलेल्या संस्थेकडे माल सोपवावा आणि तारीख, प्रकार व अंदाजे वजन एका वहीत लिहून ठेवावे.

उरलेला माल शेतकऱ्याचा असतो, हे मात्र विसरू नये. जुन्नर किंवा नाशिककडून पहाटे निघालेल्या माणसाला परतीच्या गाडीत पालक नेणे परवडत नाही, म्हणून तो फुकटच द्यावा असे गृहीत धरणे बरे नव्हे. वर्गणीतून ठरावीक अल्प दर दिल्यास व्यवहार सन्मानाचा राहील आणि माल नीट निवडूनही मिळेल.

निवडताना आकार वेडावाकडा असणे आणि माल खराब असणे यांत फरक करावा. बुरशी आलेली मऊ फळे व हिरवे पडलेले बटाटे सरळ ओल्या कचऱ्यात टाकावेत. अशा बटाट्यातील सोलानिन हे विषारी द्रव्य शिजवूनही पुरेसे नाहीसे होत नाही. पिकते टोमॅटो व केळी इथिलीन वायू सोडतात आणि त्याने पाला लवकर पिवळा पडतो, म्हणून त्यांचे क्रेट वेगळे ठेवावेत. जुड्या धुऊन पाठवू नयेत. ओलाव्याने त्या वाटेतच कुजतात. गोणीत कोंबणे तर टाळावेच.

झाडांबाबत थोडक्यात सांगायचे, तर गृहनिर्माण संस्थेच्या समितीचा ठराव करून फळे व शेंगा उतरवण्यास हरकत नाही. फांद्या तोडण्यासाठी मात्र महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते, त्यामुळे कोणालाही झाडावर न चढवता लांब आकडीने शेंगा काढाव्यात.