जपानीतलं ‘झेनझेन’ (अजिबात) फक्त नकारार्थी वाक्यात येतं, मग जपानी लोक ‘झेनझेन दाइजोबु’ (‘दाइजोबु’ म्हणजे ‘ठीक आहे’) कसं म्हणतात?

जपानीच्या परीक्षेत आणि ऑफिसच्या मेलमध्ये ‘झेनझेन’सोबत नकारच ठेवा. ‘झेनझेन वाकारिमासेन’ म्हणजे अजिबात कळत नाही. आपल्या ‘अजिबात’सारखंच, पुढे ‘नाही’ आलंच पाहिजे. ‘आमारी वाकारिमासेन’ म्हणजे मात्र ‘फारसं कळत नाही’; तिथे गल्लत नको.

‘झेनझेन दाइजोबु’ हे बोलीतलं. बहुतेकदा समोरच्याची काळजी खोडून काढायला वापरतात. कुणी ‘सॉरी, उशीर झाला’ म्हटलं, की उत्तर ‘झेनझेन दाइजोबु’, म्हणजे ‘छे, काहीच हरकत नाही’. नकार मनात असतोच, फक्त क्रियापदात दिसत नाही. शुद्धतावाले नाक मुरडतात, पण १९०६ सालच्या ‘बोच्चान’ कादंबरीत नात्सुमे सोसेकींनीसुद्धा नकाराशिवाय ‘झेनझेन वारुइ’ (सर्वस्वी वाईट) असं लिहिलंय. मित्रांमध्ये बिनधास्त वापरा.