तुझी वही कोण तपासणार?

तुझं पत्र वाचलं. कॉलेज सोडून स्वतःचं स्वतः शिकावं का, याच्या फायद्या-तोट्यांच्या याद्या तू झकास केल्या आहेस. वेळ, फी, अभ्यासक्रम, मोकळीक, सगळं आलंय. फक्त एक रकाना राहिलाय. तुझी वही तपासणार कोण?

व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं. सिद्धता पडद्यावर सरकत असते, आपण मान डोलावत असतो. आता व्हिडिओ बंद करून तीच सिद्धता कोऱ्या कागदावर मांडायला बस. तिसऱ्या ओळीवर पेन अडलं तर नशीबवान आहेस. न अडता चुकीचंच पुढे गेलं, तर तुला सांगणार कोण?

विजेवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ फॅरडेचं नाव मोठ्या तोऱ्यात घेतलंस. पुस्तकबांधणी शिकणारा उमेदवार, शाळा जेमतेम, सगळं खरं. पण पुढचं का गाळलंस? 1812 मध्ये त्याने रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींची व्याख्यानं ऐकली, टिपणं बांधून त्यांनाच पाठवली आणि 1813 मध्ये त्यांच्याच हाताखाली लागला. गणिती रामानुजन यांनी 1913 मध्ये केंब्रिजचे गणिती हार्डींना जी सूत्रं पाठवली, त्यातली काही आधीच कुणीतरी शोधलेली होती, आणि मूळ संख्यांबद्दलचे काही दावे तर चक्क चुकीचे होते. एवढ्या अफाट माणसालाही कुणीतरी तपासणारं लागलं. तू आणि मी कोण रे?

म्हणून लगेच कॉलेजचे गोडवे गाऊ नकोस. उत्तरपत्रिकेवर नुसता आकडा, आत लाल शाईचा ठिपकाही नाही, अशानेही पदवी मिळते. डॉक्टर व्हायचं असेल तर वादच नको, तिथे पदवी लागतेच. बाकी ठिकाणी माझा प्रश्न तोच, वही कोण तपासणार?

मी पदवी अर्धवट सोडली आणि त्यावरून आजही कुणाशीही भांडतो. सोडली ते बरोबरच केलं, तिथे माझी वही कुणी उघडलीच नव्हती! हळहळ एवढीच, की चुका काढणारा माणूस फार उशिरा भेटला. खवट होता. माझं पान न् पान रंगवून परत द्यायचा, आणि मी आठवडाभर त्याच्याशी बोलायचो नाही.

पुढच्या पत्रात याद्या नकोत. एका माणसाचं नाव कळव, आणि तू सोडवलेलं एक पान पाठव, खाडाखोडीसकट. फीची मुदत संपत आलीय म्हणतोस ना? मग आत्ता भरून टाक. तसा माणूस बाहेर सापडला, तर कॉलेज कधीही सोडता येईल.